झोपेसाठी शासननिर्णय निघाला, भुकेसाठी कधी?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी एक गोष्ट नेमाने केली. मधल्या सुट्टीची घंटा झाली की घड्याळात बघायचं, आणि माझ्या वर्गातल्या शेवटच्या मुलाच्या तोंडात पहिला घास गेला की पुन्हा बघायचं. वेळापत्रकात सुट्टी ३० मिनिटांची. घंटा होते, दप्तरं आवरतात, रांग लागते. हात धुवायला नळ पाच, त्यातले चालू दोन, आणि त्या दोन नळांवर चार वर्ग. मग ताटली घेऊन खिचडीची रांग. सगळ्यांना वाढून झालं की हात जोडून श्लोक. तिसरीतल्या शेवटच्या मुलाला पहिला घास मिळेपर्यंत बहुतेक दिवशी सोळा-सतरा मिनिटं गेलेली असायची. ताटली विसळून पुन्हा रांगेत यायला पाच-सहा मिनिटं. जेवायला उरली आठ, आणि त्यातच मैदानावरून मित्रांच्या हाका.

आठ मिनिटांत लहान मूल नुसते घास ढकलतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो खिचडीचे गोळे करून पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरवायचा. एकदा त्याच्याजवळ बसले आणि विचारलं, "पोट भरलं का रे?" तो गोंधळला. खाली ताटलीकडे बघितलं, ती रिकामी होती. मग म्हणाला, "हो बाई, संपलं." पोट भरलं का, याचं उत्तर त्याने ताटलीत शोधलं.

हे त्याला मीच शिकवलं होतं. अठ्ठावीस वर्षं रांगांमधून फिरत मी दोन वाक्यं म्हणत आले: "पटापट जेवा" आणि "ताटात काही टाकायचं नाही." पहिल्या वाक्याने मुलाला कळतं की पोटाचं ऐकायला वेळ नाही. दुसऱ्याने कळतं की ऐकू आलं तरी उपयोग नाही, थांबायची परवानगी नाही. दोन्ही वाक्यं मी मायेनेच म्हणत होते, आणि दोन्ही चुकीची होती.

भूक ओळखून, लक्ष देऊन जेवणं याला हल्ली सजग आहार म्हणतात. त्याची शिबिरं भरतात, त्यासाठी मोबाइलवर अॅप आहेत. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताण कमी करण्याचे वर्ग सुरू केले, त्यातला एकच मनुका हळूहळू खाण्याचा सराव जगभर प्रसिद्ध झाला. सराव चांगला आहे, मी तो केला आहे. पण त्यामुळे आपली एक समजूत पक्की झाली की ही ज्याची त्याने करायची साधना आहे, जमली त्याला जमली. मला हे मान्य नाही. भूक ओळखायला आधी वेळ लागतो, आणि मुलांचा वेळ मुलांच्या हातात नसतो. तो शाळेच्या वेळापत्रकात असतो, वेळापत्रक खात्याच्या नियमांत असतं. म्हणून हा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि महाराष्ट्र सरकारने त्यात लक्ष घालावं अशी माझी मागणी आहे.

ही मागणी कुणाला अवाजवी वाटली तर फार मागे जायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं जाहीरपणे सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासननिर्णय निघाला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांची अडचण झाली, बसवाल्यांची कुरकुर झाली, पालकांचीही ओढाताण झाली. पण एक तत्त्व मान्य झालं: लहान मुलाच्या शरीराची गरज आधी, वेळापत्रक नंतर.

झोपेला लावलेला हा न्याय भुकेला का नाही? आपल्याकडे या दोघी कायम बरोबरच मोजल्या गेल्या. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं आपण एका दमात म्हणतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अडवू नयेत अशा तेरा वेगांची यादी आहे. लघवी, शौच, शिंक, ढेकर, जांभई, अश्रू, तहान, झोप, आणि त्यांच्याच ओळीत भूक. वेग हा शब्द मला फार नेमका वाटतो. शिंक आली की आपण मुलाला "आत्ता नको, गणिताचा तास आहे" म्हणत नाही.

आपली भाषा या बाबतीत किती जाणती आहे! भूक कडकडून लागते. पोटात कावळे ओरडतात, पोटात खड्डा पडतो. हे झाले पोटाचे निरोप. पण भूक चाळवते ती वेगळी, तळणीचा वास आला की चाळवते, अर्ध्या तासापूर्वी जेवण झालेलं असलं तरी. खा-खा सुटते ती तिसरीच, तिचं नातं जागरणाशी आणि मनाच्या अस्वस्थतेशी. तोंड चाळवायला काहीतरी हवं असतं, ते तर पोटाला विचारतही नाही. जेवताना हात आखडतो, घास फिरतो, चव उतरते, हे थांबण्याचे निरोप. माझी आजी लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण "ही पोटाची भूक नाही, डोळ्यांची आहे" हे तिला नातवंडाच्या चेहऱ्यावरून कळायचं. माझ्या वर्गातली मुलं मात्र या सगळ्याला एकच शब्द वापरायची: "कंटाळा आला." कंटाळा आला म्हणून कुरकुरे, कंटाळा आला म्हणून डबा तसाच परत.

या शब्दांमधला 'भूक मेली' हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९९ मध्ये जपानमधल्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांच्या गटाने जठरात तयार होणारं एक संप्रेरक शोधलं, त्याचं नाव घ्रेलिन. जेवणाची नेहमीची वेळ जवळ आली की रक्तात ते चढतं, जेवल्यावर उतरतं. पण वेळ टळून गेली आणि पोटात काहीच गेलं नाही, तरीही काही वेळाने ते आपसूक उतरतं. भूक मेली ती अशी. शरीराची गरज होती तिथेच आहे, हाक मारणारं थकून गप्प झालंय. दहाला भरणाऱ्या शाळेत जे मूल सकाळी नुसता चहा पिऊन आलेलं असतं, त्याची भूक साडेअकराला ओरडते आणि दीडच्या सुट्टीपर्यंत मेलेली असते. मग आपण म्हणतो, "हा जेवतच नाही नीट."

उलट बाजूचंही तसंच आहे. जठराच्या भिंती ताणल्या जातात, अन्न आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ अशी संप्रेरकं सुटतात, आणि 'पुरे' हा निरोप मेंदूला जाणवायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. याच जीएलपी-१ ची नक्कल करणारी वजन उतरवणारी महागडी इंजेक्शनं, मौंजारो आणि वेगोव्ही, २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली. ज्यांना डॉक्टरांनी दिली त्यांनी ती जरूर घ्यावीत, लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावर उपचार मिळणं हा हक्क आहे. पण जो निरोप निरोगी मुलाचं आतडं फुकट पाठवतं, तो पोहोचायच्या आत आपण घंटा वाजवतो, एवढं तरी आपल्या लक्षात यावं. आठ मिनिटांत 'पुरे' कुणालाच ऐकू येत नाही. अमेरिकेतल्या शाळांत झालेल्या एका अभ्यासात, बसून जेवायला वीस मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळालेल्या मुलांनी मुख्य पदार्थ, भाजी आणि दूध हे सगळंच कमी घेतल्याचं दिसलं होतं. म्हणजे घाईत एखादं मूल गरजेपेक्षा जास्त कोंबतं, दुसरं अर्धपोटी उठतं. दोघांनाही आपल्या पोटाचं काही कळलेलं नसतं.

'ताट संपव' या सक्तीबद्दल लीअन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८०च्या दशकात बालवाडीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केले. एका गटातल्या मुलांशी पोट भरल्यासारखं वाटतंय का, रिकामं वाटतंय का, असं बोलत राहिले. दुसऱ्या गटाचं लक्ष ताटात किती उरलंय, वेळ किती झाली, संपवलं तर बक्षीस काय, याकडे वळवलं. जेवणाआधी कधी जड तर कधी हलकं खाणं दिलं. पहिल्या गटातली मुलं जड खाल्लं की पुढे आपणहून कमी जेवायची. दुसऱ्या गटाला तो फरक कळेनासा झाला. ताटलीत उत्तर शोधणारा माझा विद्यार्थी या दुसऱ्या गटातला.

यावर घरोघरी येणारं उत्तर मला तोंडपाठ आहे. अन्न हे पूर्णब्रह्म, पानात टाकायचं नाही. मलाही अन्न टाकलेलं बघवत नाही, ज्या घरात मी वाढले तिथे भाकरीचा तुकडा पायाखाली आला तर कपाळाला लावत. पण अन्न वाया जाण्याची जबाबदारी वाढणाऱ्यावर आहे, खाणाऱ्याच्या पोटावर नाही. आधी थोडं वाढावं, पुन्हा विचारावं, पुन्हा वाढावं. जास्तीचा भात मुलाच्या पोटात ढकलला तर तो वाचला असं आपण समजतो, पण तो वायाच गेलेला असतो. पंगतीतल्या आग्रहाचंही हेच. "माझी शपथ, एक तरी जिलबी" यातलं प्रेम खरं आहे, ते प्रेम मला हवं आहे. मात्र पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की वाढप्याने पुढे जावं, एवढा मान त्या हाताला असावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. अशा राज्यात 'भूक ओळखा, पोट भरलं की थांबा' हे भरल्या पोटाचं बोलणं नाही का? या प्रश्नाने मला बरेच दिवस गप्प बसवलं होतं. पण मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये तीव्र कुपोषित मुलाला तपासताना भूक चाचणी का घेतात, हे कळलं आणि माझं मत उलट पक्कं झालं. मुलासमोर उपचाराचा आहार ठेवतात आणि मूल तो खातं का हे शांतपणे बघतात. आपणहून खाल्लं आणि दुसरी गुंतागुंत नसली तर गावातच उपचार होऊ शकतात. तोंड फिरवलं तर रुग्णालय. जिथे जीव वाचवायचा असतो तिथे भूक ही सगळ्यात मोठी खूण मानतात. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीराची भूकच विझते, आणि ती पुन्हा पेटायला धीर लागतो. कुपोषित मुलाला घाईची खिचडी सगळ्यात कमी अंगी लागते. निवांत जेवण हा श्रीमंतांचा चोचला असेल, तर तो आपण गरिबांच्या शाळेला नाकारला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

"मुलांच्या मर्जीवर सोडलं तर ती चिप्सच खातील," असंही म्हणतात. मर्जीवर सोडायला कुणी सांगत नाही. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतंच वरचं अन्न सुरू झालेल्या १५ बाळांसमोर रोज वेगवेगळे पदार्थ ठेवून, हवं ते हवं तेवढं खाऊ दिलं होतं. १९३९ मध्ये त्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. बाळांची निवड रोज विचित्र दिसायची, पण वाढ उत्तम झाली. यातली मेख त्यांनी स्वतःच सांगितली होती: समोर ठेवलेल्या यादीत साखर, मैदा, डबाबंद असं काही नव्हतंच. काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. किती, हे मुलाने. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हीच वाटणी नियम म्हणून मांडली, आणि मला यापेक्षा सोपा नियम माहीत नाही.

चिऊचा घास, काऊचा घास करत भरवणंही मुलाला भुलवणंच होतं, हे मान्य. पण तेव्हा भरवणारीची नजर मुलाच्या चेहऱ्यावर असायची, ओठ मिटले की तिला दिसायचे. मोबाइल लावून भरवताना मुलाची नजर पडद्यावर आणि आईची चमच्यावर. दोघांपैकी कुणीच पोटाकडे बघत नाही. मोठ्यांचंही वेगळं नाही. लक्ष दुसरीकडे ठेवून जेवलं तर त्या जेवणात माणूस जास्त खातोच, आणि जेवलेलं नीट आठवत नसल्यामुळे पुढच्या वेळीही जास्त खातो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे.

घरातली बाई शेवटी जेवते. सगळ्यांना गरम पोळी मिळावी म्हणून ती तव्यासमोर उभी असते, आणि बसते तोवर भूक मेलेली असते. मग उरलंसुरलं, चहाबरोबर. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. त्याची कारणं अनेक आहेत, पण भूक मारण्याचं शिक्षण हे त्यातलं एक आहे असं मला ठाम वाटतं, कारण ते मी स्वतः घेतलं आणि माझ्या मुलीला देताना स्वतःला पकडलं. ती बारा वर्षांची असताना पाहुण्यांच्या गडबडीत मी तिला म्हणाले होते, "थांब गं, आपण नंतर बसू." तिच्या भावाला मी ते म्हणाले नव्हते.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर हा वाद घराघरात रंगला. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित, आणि थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर. मी त्या वादात न्याय द्यायला बसलेले नाही. एकच गोष्ट सांगते. दीक्षितांच्या पद्धतीची पहिली पायरी होती, आपल्याला कडकडून भूक खरोखर कोणत्या दोन वेळांना लागते ते ओळखणं. आमच्या शिक्षकखोलीत निम्म्या जणांनी ती पद्धत सुरू केली, जेवण ५५ मिनिटांत संपवायचा हिशेब सगळ्यांना पाठ, आणि ही पायरी मात्र कुणीच चढलं नाही. सुट्टी दीडला, म्हणून भूक दीडला. आमच्याकडे दुसरा पर्याय तरी कुठे होता?

भुकेवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही अशीही माणसं आहेत, हे इथेच सांगायला हवं. इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाने भूक नाही म्हणून जेवण टाळायचं नसतं, साखर एकदम खाली जाऊ शकते. आजारपणातून उठलेल्यांना, थकलेल्या वृद्धांना घड्याळ लावूनच भरवावं लागतं. खाण्याशी ज्यांचं नातं आजारासारखं बिघडलं आहे त्यांना डॉक्टरांची मदत हवी, माझ्यासारख्यांचे लेख नकोत.

आता मागणी. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, असं लिहून ठेवलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला स्वयंपाकघर हवं, मैदान हवं, पिण्याचं पाणी हवं, हे आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, हे ग्रॅमपर्यंत मोजलेलं आहे. पण जेवायला मिनिटं किती, याचं मोजमाप त्या परिशिष्टात नाही. ते घालावं. पहिला घास घेतल्यापासून बसून जेवायला किमान २५ मिनिटं, हात धुणं आणि रांग त्याच्या बाहेर, आणि खेळाची सुट्टी वेगळी. जेवण आणि खेळ एकाच अर्ध्या तासात कोंबले की मूल खेळ निवडणार, निवडावाच त्याने. लिहायचं राहिलं म्हणून सुट्टीत बसवून ठेवणं बंद. नळ चालू. वाढताना अर्धं, मग पुन्हा फेरी. अभ्यास बुडेल असं म्हणणाऱ्यांसाठी: कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास मागितले आहेत. दिवसाला चार तास. बहुतेक शाळा त्याहून जास्त वेळ भरतात. पाव तास निघतो.

निघतो हे मी करून पाहिलं, माझ्या एका वर्गापुरतं. शेवटच्या सहामाहीत घंटेच्या दहा मिनिटं आधी माझ्याच तासातून मुलांना हात धुवायला सोडायला लागले. खिचडी वाढणाऱ्या ताईंना विनंती केली की पहिल्यांदा अर्धाच डाव घाला, पुन्हा फिरा. त्या आधी नाराज झाल्या, दोनदा वाकायला लागतं म्हणून. त्यांचं म्हणणं रास्त होतं, मग दुसऱ्या फेरीचं पातेलं मी धरू लागले. "संपव" म्हणायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. जीभ सारखी तिकडेच वळायची.

पहिले काही दिवस मुलं दोन्ही वेळा ताटली पुढे करत. सवय होती, नंतर मिळेल यावर विश्वास नव्हता. दिवाळीची सुट्टी संपून पुन्हा वर्ग भरले, त्यानंतर केव्हातरी पातेलं घेऊन मी त्या गोळे गिळणाऱ्या मुलापाशी आले. त्याने ताटली पुढे केली, मग मागे घेतली. डावा हात पोटावर ठेवला, आणि वर्गात कठीण गणित घातल्यावर बसायचा तसा, कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ बसला.

"बाई," तो म्हणाला, "पाव डाव घाला."